बावखलाची शिष्टाई

२२ एप्रिल, मंगळवार

ही वही रुडॉल्फमामाने दिली. पहिल्या पानावर त्याने काही लिहून दिलं नाही, हे बरं केलं.

मामा एकतीस वर्षं परराष्ट्र खात्यात होता. शेवटची चार वर्षं एका विशेष दूताच्या कार्यालयात. दोन शेजारी देश नदीच्या पाण्यावरून भांडत होते आणि हा दूत दोघांमध्ये ये-जा करत होता. त्या देशांची नावं मामा अजून सांगत नाही. "तह टिकलाय. कशाला नजर लावतेस?" म्हणतो. दिवाळीनंतर निवृत्त होऊन तो गावी, वटारला, परत आला.

आता त्याला आमच्या बावखलाचा तह करायचा आहे.

वस्तुस्थिती अशी. आमच्या घरामागच्या बावखलाचा, म्हणजे वाड्यांमधल्या गोड्या तळ्याचा, उत्तर काठ थेरेसाकाकीचा, दक्षिण काठ एकनाथकाकांचा. थेरेसाकाकी म्हणजे माझ्या मोठ्या काकांची बायको. काका गेल्यापासून वाडी तीच बघते. एकनाथकाका आणि मंदाकाकू पलीकडचे. बावखलाच्या गोड्या पाण्यावर दोन्ही वाड्यांच्या विहिरी गोड राहतात. गेली अकरा वर्षं दोन काठ एकमेकांशी बोलत नाहीत, त्यामुळे गाळ कोणी काढलेला नाही. एक संस्था या मे महिन्यात पोकलेन फुकट पाठवायला तयार आहे. अट एकच: दोन्ही मालकांची सही एकाच कागदावर, २० मेच्या आत. नाहीतर यंत्र दुसऱ्या गावाला जाईल.

काकीच्या विहिरीची क्षारता गेल्या मे महिन्यात ९१० पीपीएम होती. आज मी मोजली तर १,४८०. केळीची पानं कडेने करपायला लागली आहेत. असंच चाललं तर दोन वर्षांत दोन्ही वाड्या संपतील. हे मत नाही, आलेख आहे.

मी सर्वेक्षण करते. चंदनसारला आमचं ऑफिस आहे. मामाला माझ्याकडून फक्त मोजणी हवी होती. पण आज त्याचा उजवा गुडघा धरला, त्यामुळे निरोपही मीच न्यायचे असं ठरलं.

त्याने तीन नियम सांगितले. एक, निरोपात काही घालायचं नाही आणि काही गाळायचं नाही. दोन, समोर ठेवलेलं खायचं. तीन, ज्या बोलण्याचा विषयाशी संबंध नाही ते रोज आधी लिहून काढायचं. तिसरा नियम मला पटला नाही. मी ते शेवटी लिहीन, 'असंबद्ध' या मथळ्याखाली.

२४ एप्रिल, गुरुवार

पहिली भेट. एकनाथकाका अंगणात सुपाऱ्या निवडत होते.

"कोणाची गो तू?"

त्यांना माहीत होतं. मी सांगितलं तरीही.

"म्हणजे त्यांनी तुला पाठवलं. स्वतः नाही आल्या."

"मला रुडॉल्फमामाने पाठवलंय. मी मोजणी करणार आहे."

"काय मोजणार?"

"बावखलाची मधली हद्द, गाळाची जाडी आणि पाण्याची पातळी."

"आणि भांडणाची जाडी?" हे प्रितेश म्हणाला. एकनाथकाकांचा मुलगा. आगाशीच्या बाजारात त्याची रोपांची नर्सरी आहे. तो स्वतःच्याच विनोदाला हसला. मी हसले नाही, कारण भांडणाची जाडी मोजायचं उपकरण नाही.

त्यांची तक्रार: हद्द काकीने सरकवली आहे. काकीची तक्रार (काल संध्याकाळी घेतली): हद्द त्यांनी सरकवली आहे, आणि त्यांचा पंप मोठा आहे.

मंदाकाकूंनी उकडलेलं कोनफळ दिलं. नियम दोनप्रमाणे खाल्लं. चांगलं होतं.

मामाकडे अहवाल द्यायला गेले. आज तो डाव्या पायाने लंगडत होता. बहुधा दोन्ही गुडघे धरले असावेत.

असंबद्ध: मंदाकाकूंनी दोनदा विचारलं की थेरेसाकाकीला अजून पित्ताचा त्रास होतो का.

२७ एप्रिल, रविवार

चर्चमधली सकाळी सातची मिसा करून थेट बावखलावर. प्रितेश होडी घेऊन आला. जलपर्णी इतकी दाट आहे की होडी सरकत नाही, ढकलावी लागते. मी पट्टी धरून बसले आणि त्याने बांबू मारला. एकूण चौतीस ठिकाणी खोली घेतली. गाळ सरासरी एक मीटर चाळीस सेंटिमीटर.

उत्तर काठावर काकी कपडे वाळत घालत होती. तीन तास. आमच्याकडे एवढे कपडे नाहीत. दक्षिण काठावर मंदाकाकू मोगऱ्याच्या कळ्या खुडत होत्या. भर उन्हात अकराला कळ्या कोणी खुडत नाही.

जुने दोन्ही हद्दीचे दगड सापडले. दोन्ही आपापल्या जागी आहेत. दोघांच्या दाव्यांत फरक आहे अडतीस सेंटिमीटरचा, आणि तोही एका बाजूने दगडाच्या आतल्या कडेपासून मोजलं आणि दुसऱ्या बाजूने बाहेरच्या कडेपासून, म्हणून. अडतीस सेंटिमीटर. त्यासाठी अकरा वर्षं.

प्रश्न सुटला असं मी समजते. नकाशा उद्या छापून घेईन.

असंबद्ध: होडीत प्रितेश चार वेळा हसला. कारण नोंदवण्यासारखं नाही.

३० एप्रिल, बुधवार

प्रश्न सुटलेला नाही.

नकाशा दोघांना दाखवला. एकनाथकाका म्हणाले, "बरोबर आहे." काकी म्हणाली, "बरोबर आहे." दगडाचा मध्य ही हद्द. दोघांना मान्य. पंपाच्या वेळा ठरल्या, त्याही मान्य. काढलेला गाळ निम्मा निम्मा, हेही मान्य.

मग मी कागद पुढे केला. एकनाथकाका म्हणाले, "त्यांना इथे येऊ दे. ओटीवर बसून दोघं सही करू."

काकी म्हणाली, "मी त्यांच्या दारात जाऊ? पाय तुटले तरी नाही. त्यांना यायचंय तर येऊ देत."

मी निरोप काही न घालता, न गाळता पोचवले. सहा फेऱ्या झाल्या. प्रत्येक फेरीत मला काहीतरी खायला दिलं गेलं.

मामाला विचारलं, आकडे मान्य असताना माणसं सही का करत नाहीत? तो आरामखुर्चीत आडवा होता. म्हणाला, "आमच्याकडे नदीचा नकाशा तिसऱ्या दिवशी तयार होता. पुढचे छत्तीस दिवस वेगळ्याच गोष्टीत गेले."

"कुठल्या?"

"त्या ते बोलत नव्हते. म्हणूनच तर दूत लागतो."

हे उत्तर मोघम आहे.

४ मे, रविवार

एकनाथकाकांकडे सातवी फेरी. ते वाडीत होते. मंदाकाकू एकट्या. फणसाचे गरे समोर ठेवून त्या समोर बसल्या. पुढचं त्या आपल्या बोलीत बोलल्या. मी प्रमाण मराठीत लिहिते आहे.

"तुमच्या फेलिशियाच्या मुलीचं चर्चमध्ये पहिलं कम्युनियन आहे म्हणे."

"हो, अठराला. फेलिशियाताई पुण्याहून येणार आहे." फेलिशियाताई म्हणजे थेरेसाकाकीची मुलगी.

"मोठी झाली असेल. तिच्या आईच्या लग्नात..." त्या थांबल्या. गऱ्यातली आठळी काढली. "तिच्या आईच्या लग्नाचं आवतण आम्हाला आलेलं. माणशी."

मी विचारलं, म्हणजे एकाच माणसाचं?

"पत्रिकेवर ह्यांचं एकट्याचं नाव. तोंडी कोणी काही बोललं नाही. फेलिशियाला मी या हातांनी न्हाऊ घातलंय, जीना. आणि आवतण माणशी! मग आम्ही कोणीच गेलो नाही. एकाने जाऊन काय पानाचा वास घेऊन यायचा?"

असंबद्ध: वरील सर्व. अकरा वर्षांपूर्वीच्या लग्नाचा हद्दीशी, पंपाशी किंवा गाळाशी संबंध नाही.

५ मे, सोमवार

ऑफिसातून येताना मामाकडे गेले. त्याने 'असंबद्ध'खालचं मोठ्याने वाचून दाखवायला सांगितलं. शेवटचं वाचलं तेव्हा तो खुर्चीतून उठला आणि खिडकीपर्यंत चालत गेला. लंगडला नाही.

"थेरेसाला विचार," तो म्हणाला, "त्या लग्नात त्यांच्यासाठी किती पानं मांडली होती."

"हे विचारून काय मिळणार?"

"काही नाही. असंबद्ध आहे. विचार."

काकीला विचारलं. ती भात निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "नऊ. घरात नऊ माणसं होती त्यांच्या. त्यांच्यासाठी कोंबडीचं पातेलं वेगळं, डाव वेगळा. नऊ खुर्च्या रात्री मांडव सोडेपर्यंत कोणाला बसू दिल्या नाहीत मी. चूलबंद आवतण देऊन एक माणूस आलं नाही. एक!"

माझ्यासाठी नोंद, कारण पुढच्या पिढीला कळणार नाही. आमच्याकडे आवतण दोन प्रकारचं. माणशी, म्हणजे घरातून एकाने यायचं. चूलबंद, म्हणजे त्या दिवशी त्यांच्या घरात चूल पेटवायची नाही, सगळ्यांनी यायचं. पत्रिका दोन्हींना एकच असते आणि तिच्यावर घरच्या कर्त्याचं नाव असतं. प्रकार तोंडाने सांगतात. तोंडाने सांगितलं नाही तर माणशी.

म्हणजे एक बाजू म्हणते चूलबंद दिलं. दुसरी म्हणते माणशी आलं. मधे निरोप गाळला गेला आहे. निरोप्या कोण होता हे विचारायला हवं.

८ मे, गुरुवार

अर्धी रजा घेतली. नकाशाची प्रत द्यायला आगाशीला प्रितेशच्या नर्सरीत गेले. प्रत त्याच्या वडिलांना घरी देता आली असती.

तो मिरचीची रोपं पिशव्यांत लावत होता. म्हणाला, "आलीस? दूतबाई! तुझा धंदा जुनाच म्हणा."

"म्हणजे?"

"फेलिशियाताईच्या लग्नाची पत्रिका तूच आणलेलीस. निळी सायकल. मी दारात नारळ सोलत होतो, उघडाबंब. तू पत्रिका माझ्या हातात कोंबलीस, म्हणालीस 'हे', आणि सुटलीस. आमचा कुत्रापण तुला गाठू शकला नाही."

"फक्त 'हे' म्हणाले?"

"फक्त 'हे'. अकरा वर्षं मी विचार करतोय, पुढचं वाक्य काय होतं."

तो हसला. त्याने मला तुळशीचं एक रोप दिलं. पैसे घेतले नाहीत. मी आगाशीच्या स्टॉपवर उभी राहिले आणि दोन बस सोडल्या.

९ मे, शुक्रवार

काहीही लिहायचं नाही.

१० मे, शनिवार

लिहिते. मला आठवतं आहे, आणि ते पूर्ण आठवतं.

मी चौदा वर्षांची होते. काकी मसाला वाटत होती. तिने वाक्य दिलं: "थेरेसाने सांगितलंय, चूलबंद यायचं, पाळण्यातल्यासकट." मी ते वाक्य बावखलाच्या काठाने जाताना सात-आठ वेळा म्हटलं. दारात प्रितेश होता. वाक्य गेलं. परत आल्यावर काकीने विचारलं, "सांगितलंस?"

मी म्हणाले, "हो."

व्यवसायात मी आजपर्यंत एकही माप अंदाजाने लिहिलेलं नाही. ते एक लिहिलं.

मामाकडे गेले आणि सांगितलं. त्याने आधी मला सरबत दिलं. मग म्हणाला, "मला वाटलंच होतं, कोणीतरी पोरसवदा असणार. मोठ्या माणसाने मुद्दाम गाळलं असतं, आणि मुद्दाम गाळलेलं इतकी वर्षं लपत नाही."

मी म्हटलं, मी दूत म्हणून राहायला नालायक आहे. माझ्याजागी दुसरं कोणी पाठव.

"दुसरं कोण? माझा गुडघा बघतेस ना." त्याने गुडघा चोळला. कुठला, ते बघायचं राहिलं. "बाय, दूताला एकच गोष्ट परवडते जी दोन्ही पक्षांना परवडत नाही. तो म्हणू शकतो, चूक माझी."

उद्या सांगणार. काकी मला आयुष्यात परत स्वयंपाकघरात घेणार नाही अशी शक्यता आहे. सही तर नाहीच. दहा दिवस उरले.

११ मे, रविवार

क्रमाने लिहिते.

सकाळी ९.४०. काकी सांदणांसाठी तांदूळ धूत होती. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. वाक्य, सायकल, 'हो'. तिने तांदूळ धुणं थांबवलं. मग म्हणाली, "मंदाच्या सासूच्या मयताला मी गेले नाही. समोरून नेलं, तरी दार लावून घेतलं."

मी तिथेच उभी राहिले. निघून जावं असं वाटत होतं, पण तसं एकदा करून झालं होतं.

मग काकीच्या खांद्यांना हिसके बसू लागले. मला वाटलं रडते आहे. ती हसत होती. हसता हसता खाली बसली, ओले हात कपाळाला लावले.

"नऊ माणसांची कोंबडी, गो! तीन दिवस आम्ही तेच खात होतो! तुझा काका म्हणाला, आता मला पिसं फुटतील!" परत हसली. "आणि इंजिनिअर झालीस! सॅटेलाइटवरून जमीन मोजतेस आणि दोनशे पावलांवर एक वाक्य पोचवता आलं नाही!"

"एकशे बहात्तर मीटर," मी म्हटलं. त्याने ती आणखी हसली.

मग डोळे पुसून म्हणाली, "चल, आता नीट म्हण. मी काय सांगितलेलं?"

मी म्हटलं. तिने कम्युनियनची पत्रिका हातात दिली. "जा. आणि या वेळी थांब तिथे."

सकाळी १०.२५. दक्षिण काठ. एकनाथकाका, मंदाकाकू, प्रितेश, तिघंही ओटीवर. मी पत्रिका हातातच ठेवली आणि आधी बोलले. "एकनाथकाका, मंदाकाकू, २०१४ साली थेरेसाकाकीने मला चूलबंद आवतण देऊन पाठवलं होतं. मी पत्रिका दिली आणि आवतण दिलं नाही. काकीला मात्र दिलं म्हणून सांगितलं. चूक माझी. तिने नऊ पानं मांडली होती."

मी पुढे सांगितलं. "आता अठरा तारखेचं. थेरेसाने सांगितलंय, चूलबंद यायचं, पाळण्यातल्यासकट."

"परत सांग," मंदाकाकू म्हणाल्या.

मी परत सांगितलं.

"परत."

तिसऱ्यांदा सांगताना त्यांनी पदर तोंडाला लावला होता. एकनाथकाका सुपारी कातरत म्हणाले, "आवतण मिळालं. जरा उशीर झाला, पण मिळालं." मग मोठ्याने, "पाळण्यात आता कोण नाय आमच्या. हा घोडा तेवढा आहे."

घोडा म्हणाला, "पुढचं वाक्य हे होतं होय! मला वाटलं काही खास असेल."

"नऊ पानं?" मंदाकाकूंनी विचारलं. "नऊ मांडलेली तिने? मोजून?"

"आणि रात्री मांडव सोडेपर्यंत कोणाला बसू दिलं नाही."

त्या आत गेल्या. दहा मिनिटांनी सुकेळ्यांचा, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांचा, डबा घेऊन आल्या. "हे तिला दे. पित्ताला चालतं."

नियम एकप्रमाणे शब्दशः पोचवलं.

१८ मे, रविवार

मिसा साडेआठला. फेलिशियाताईची रिटा पांढऱ्या फ्रॉकमध्ये. दुपारी मांडव. काकी साडेअकरापासून बावखलाच्या वाटेकडे पाठ करून उभी होती आणि दर मिनिटाला मागे बघत होती.

१२.१० ला ते आले. काठाच्या वाटेने, जी अकरा वर्षं कोणी वापरली नव्हती. प्रितेशने सकाळी कोयत्याने साफ केली होती, हे त्याच्या हातांवरच्या ओरखड्यांवरून दिसलं. एकनाथकाका पुढे, मागे आतेबहीण, भावजय, पोरं धरून आठ जण, आणि शेवटी मंदाकाकू.

मंदाकाकू थेट काकीसमोर आल्या. मंदाकाकूंनी कनवटीतून काहीतरी काढलं आणि काकीच्या तळहातावर ठेवलं. गॅसचा लायटर.

"घे," त्या म्हणाल्या. "चूल बंद करून आले. आता तुझ्याकडे जेवले नाही तर उपाशी."

काकीने लायटर वर धरून सगळ्या मांडवाला दाखवला. मग दोघींनी एकमेकींना जे धरलं ते रिटाला येऊन विचारावं लागलं, "आजी, केक कधी कापायचा?"

पानं नऊ मांडली होती. माणसं दहा होती. काकीने दहावं पान स्वतः आणलं आणि मोजणी चुकल्याबद्दल माझ्याकडे बघितलं.

सही जेवणानंतर झाली, सांदणांच्या परातीवर कागद ठेवून. मामाने सह्यांच्या जागा शेजारी शेजारी आखल्या होत्या, म्हणजे कोणी वर नाही आणि कोणी खाली नाही. पेनही दोन आणले होते. ते लागले नाहीत. काकीने सही केली आणि तेच पेन एकनाथकाकांना दिलं. मामा जरा नाराज दिसला.

मग ब्रास बँड आला. मामा वीस मिनिटं नाचला. दोन्ही गुडघे बरे आहेत. मी हे त्याला सांगितलं. तो म्हणाला, "हवापालट." माझ्या लक्षात यायला सव्वीस दिवस लागले. तेही नोंदवते.

प्रितेशने विचारलं, नाचतेस का. मी म्हटलं मला येत नाही. तो म्हणाला, "एकशे बहात्तर मीटर पळता येतं, तेवढं पुरे." आकडा त्याला काकीने सांगितला असणार.

असंबद्ध: नाचले.

२१ मे, बुधवार

पोकलेन आलं. पहिला गाळ निघाला तेव्हा दोन्ही काठांवर माणसं उभी होती. काकी दक्षिण काठावर, कारण तिथे सावली होती. दुपारपर्यंत जुन्या दगडी घाटाच्या पाच पायऱ्या वर आल्या. एकनाथकाकांना त्या सात आठवत होत्या, काकीला नऊ. पैज लागली. मी मोजायला तयार होते, पण दोघांनी मला बाजूला बसवलं. म्हणाले, आकडे नकोत, बघू दे.

काकीच्या विहिरीची क्षारता: आज मोजली नाही. विसरले.

२४ मे, शनिवार

पायऱ्या आठ निघाल्या. दोघंही आपण जिंकलो म्हणतात.

मंदाकाकूंचा लायटर आठवडाभर आमच्याच स्वयंपाकघरात आहे. मी तो पोचवायला निघाले होते. मामा अंगणात होता, म्हणाला, "ठेव तो. दूताचं काम संपलं."

चार वाजता मंदाकाकू स्वतः आल्या. "लायटर न्यायला आले," म्हणाल्या. दीड तास बसल्या. चहा दोनदा झाला. कोणाकोणाची निंदा झाली ती लिहीत नाही. मग "अगोबाई, वाडीत पाणी सोडायचंय" म्हणत लगबगीने काठाच्या वाटेला लागल्या.

लायटर ओट्यावर तसाच होता. मी तो उचलला आणि हाक मारायला तोंड उघडलं.

काकीने माझा हात धरला.